ट्रायकोस्कोपी कशी करावी: आधी रोमछिद्रं बघा, मग केस

केस गळतात म्हणून आलेल्या माणसाचं डोकं नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर केस कुठे विरळ झालेत एवढंच कळतं. का झालेत हे शोधायला पूर्वी केस मुळासकट उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागत, नाहीतर टाळूच्या त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागे. डर्मोस्कोप, म्हणजे दिवा आणि भिंग असलेलं त्वचा बघायचं यंत्र, टाळूवर टेकवून बघण्याची पद्धत रुळली, तशी यातली बरीचशी कामं सुई न टोचता होऊ लागली. पोलंडच्या त्वचारोगतज्ज्ञ लिडिया रुडनिका आणि माल्गोझाटा ओल्शेव्स्का यांनी २००६ मध्ये या तपासणीला ट्रायकोस्कोपी हे नाव दिलं.

यंत्र हातात धरणं सोपं आहे. चुका होतात त्या क्रमात: ओल्या टाळूवर कोंडा शोधला जातो, विरळ भागाचाच फोटो काढला जातो आणि डोक्याची मागची बाजू बघायची राहते, कलपाचे ठिपके रोग म्हणून लिहिले जातात. पुढची माहिती नव्याने डर्मोस्कोप वापरू लागलेल्या त्वचारोगतज्ज्ञांसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. तपासणीला जाणाऱ्यांनी निदान 'येण्याआधी काय सांगावं' हा भाग तरी वाचावा.

यंत्र आणि प्रकाश

हातात धरायचा डर्मोस्कोप साधारण १० पट मोठं दाखवतो. रोजच्या ओपीडीला तेवढं पुरतं. रोमछिद्रं शिल्लक आहेत का, केस तुटके आहेत का, पपुद्रे कुठे आहेत, लिखा जिवंत आहेत का, हे त्यात दिसतं. केसाची जाडी मोजायची असेल, एका चौरस सेंटिमीटरमधले केस मोजायचे असतील किंवा रक्तवाहिन्यांचा नेमका आकार बघायचा असेल, तर २० ते ७० पट दाखवणारा व्हिडिओडर्मोस्कोप लागतो. संगणकाला जोडायचे यूएसबी सूक्ष्मदर्शक स्वस्तात मिळतात. ते घेताना खोक्यावरची 'हजार पट' वगैरे संख्या बघू नका. पोलराइज्ड प्रकाश आहे का, फोकस एका जागी पक्का करता येतो का आणि पट्टीवर धरल्यावर मिलिमीटर बरोबर मोजता येतात का, हे तिन्ही तपासून मगच पैसे द्या.

बहुतेक चांगल्या यंत्रांत पोलराइज्ड आणि साधा असा दोन्ही प्रकाश बटणावर बदलता येतो. साध्या प्रकाशात त्वचेचा अगदी वरचा थर स्पष्ट दिसतो: पपुद्रे, छिद्रात अडकलेला केराटिनचा (केस आणि त्वचेतल्या प्रथिनाचा) खडा. पोलराइज्ड प्रकाशात पृष्ठभागाची चकाकी गाळली जाते, त्यामुळे खालच्या रक्तवाहिन्या, रंगद्रव्य आणि व्रणाचा पांढरेपणा दिसतो. दोन्ही प्रकाशांत बघायची सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी.

आता कोरडं की ओलं. कोरड्या टाळूवरचा पपुद्रा पांढरा दिसतो, कारण त्याच्या थरांमध्ये हवा असते आणि तिच्यावर प्रकाश विखुरतो. जेल, स्पिरिट किंवा तेल लागलं की ती हवा निघून जाते आणि पपुद्रा जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून कोंडा, सोरायसिस, लायकेन प्लॅनोपिलारिस (केसाचं मूळ नष्ट करणारा दाह) यांत आधी कोरडंच बघायचं. रक्तवाहिन्या आणि पिवळे ठिपके बघायला मात्र मध्ये द्रव लागतो. अल्ट्रासाउंडचं जेल त्यासाठी सर्वांत सोयीचं: ते ओघळत नाही, डोळ्यांकडे जात नाही आणि जाड थर असल्याने यंत्राचा दाब रक्तवाहिन्यांवर पडत नाही. स्पिरिट लवकर उडून जातं आणि खाजवून सोललेल्या टाळूला झोंबतं. जेल लावताना त्यात बुडबुडे राहिले तर तेच गोल ठिपके म्हणून फोटोत येतात. यंत्र थोडं तिरकं टेकवून मग सपाट केलं की हवा बाजूने निघून जाते.

येण्याआधी काय सांगावं

अपॉइंटमेंट देतानाच सांगायच्या गोष्टी आहेत या. आदल्या दिवसापासून तेल नको. खोबरेल लावून आलेल्या माणसाचे पपुद्रे तेलानेच अदृश्य केलेले असतात, आणि 'कोंडा नाही' अशी नोंद होते. कोंडा किंवा खाज ही तक्रार असेल तर दोन-तीन दिवस शाम्पूही करू नये. फक्त केस विरळ होत असतील आणि मोजणी करायची असेल तर उलट आदल्या दिवशी साधा शाम्पू केलेला बरा. कलप, मेंदी किंवा टक्कल झाकायचे केराटिनचे धागे वापरत असाल तर शेवटचे कधी वापरले हे लिहून आणावं. चालू असलेली औषधं, अगदी केस वाढण्यासाठी डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिलसुद्धा, सोबत आणावीत. केसांत जोडलेली एक्सटेन्शन्स काढून यावं.

गेल्या तीन-चार महिन्यांतल्या आजारांची आठवणही करून यायला सांगा. डेंग्यू, टायफॉइड, शस्त्रक्रिया, बाळंतपण, वजन झपाट्याने घटवणं यांनंतरची केसगळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते. तोवर रुग्णाला तो ताप आठवतही नसतो.

तपासणीचा क्रम

१. रुग्णाला बुटक्या स्टुलावर बसवा, स्वतः मागे उभे राहा. पंखा बंद करा. केस हलले की फोकस जातो, आणि बारीक केस तर दिसतही नाहीत.

२. यंत्र उचलण्याआधी डोकं नुसत्या डोळ्यांनी बघा. पुढे, माथ्यावर आणि मागे असे तीन भांग पाडून त्यांच्या रुंदीची तुलना करा. भुवया, पापण्या, दाढी आणि नखं याच वेळी बघून घ्या.

३. केस ओढून बघायची चाचणी जेलच्या आधी. ५०-६० केसांची बट बुडाशी धरून हलक्या, सलग ताणाने टोकाकडे सरकवा. दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे सहाएक केस हातात आले तर गळती चालू आहे.

४. शेपटीच्या कंगव्याने सरळ भांग पाडा, दोन्ही बाजूंचे केस क्लिपने दाबा. भांगाच्या दोन्ही कडा एकाच चित्रात याव्यात.

५. कोरडं, पोलराइज्ड प्रकाशात बघा. मग कोरडंच, साध्या प्रकाशात. मग जेल.

६. यंत्र टेकवा, दाबू नका. दाबलं की रक्तवाहिन्या रिकाम्या होतात आणि सोरायसिसची टाळू निरोगी दिसते.

७. जागा ठरलेल्या ठेवा: पुढची केसांची रेषा, माथ्याचा मधला भाग, भोवरा, दोन्ही कानशिलं आणि डोक्याची मागची बाजू. चट्टा असेल तर त्याचं केंद्र, त्याची कड आणि कडेबाहेर दोनेक सेंटिमीटरवरचा वरकरणी निरोगी भाग.

मागची बाजू कधीच गाळू नये. अनुवंशिक टकलात तिथले केस सहसा शाबूत राहतात, म्हणून त्या माणसाचा स्वतःचा 'नॉर्मल' तिथे मिळतो. मुळातच बारीक केसांच्या माणसाचा नुसता माथा बघून अनुवंशिक टकलाचं निदान करणं अन्यायाचं आहे. त्याचे मागचेही केस तसेच बारीक असू शकतात. विक्रीच्या टेबलावर कॅमेरा लावून फक्त भोवऱ्याचं चित्र पडद्यावर दाखवतात आणि सीरम विकतात, तिथे नेमकी हीच तुलना वगळलेली असते. रुग्णांनी अशा वेळी 'मागचंही दाखवा' म्हणून आग्रह धरावा.

पहिला प्रश्न: रोमछिद्रं आहेत का?

बाकी सगळं दिसण्याआधी याचं उत्तर मिळवायचं. छिद्रं आहेत, रिकामी असली तरी आहेत, तर मूळ जिवंत असण्याची शक्यता आहे आणि वेळ हाताशी आहे. छिद्रंच पुसली गेली असतील आणि त्या जागी गुळगुळीत, फिकट त्वचा असेल तर तो स्कारिंग अ‍ॅलोपेशिया: दाहाने केसाचं मूळ नष्ट होऊन तिथे व्रण तयार झालेला असतो. गेलेले केस परत येत नाहीत; औषध असतं ते उरलेले वाचवायला. त्यामुळे अशा रुग्णाला 'तीन महिन्यांनी या' म्हणणं परवडत नाही.

आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर इथे एक मोठी फसगत होते. टाळूवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं तपकिरी जाळं दिसतं आणि त्यात बारीक पांढरे ठिपके एकसारख्या अंतरावर विखुरलेले असतात. घामाच्या ग्रंथींची आणि रिकाम्या रोमछिद्रांची ही तोंडं. सावळ्या त्वचेत ती अगदी सामान्य आहेत. गोऱ्या त्वचेवरच्या चित्रांवरून शिकलेला डॉक्टर त्यांना व्रणाचे पांढरे ठिपके समजतो आणि रुग्णाला कायमच्या टकलाची भीती घालतो. फरक असा: घामग्रंथींचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे, नेमक्या कडांचे आणि समान अंतरावर असतात. व्रणाचे ठिपके मोठे, धूसर कडांचे, अनियमित आणि एकमेकांत मिसळणारे असतात, त्या भागात तपकिरी जाळंही तुटलेलं दिसतं. शंका आली की त्याच माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागाशी ताडून बघा.

छिद्रं पुसली जात असताना दाह कुठे चालू आहे हे कडेवर कळतं, केंद्रात नाही. लायकेन प्लॅनोपिलारिसमध्ये चट्ट्याच्या कडेच्या केसांना बुडाशी पांढऱ्या पपुद्र्याची नळी चढलेली असते. ती कोरड्यातच बघावी. सावळ्या त्वचेत केसाभोवती निळसर-करड्या ठिपक्यांची कडीही दिसते. कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत असेल, तिथली लव नाहीशी झाली असेल आणि एखाद-दुसरा केस एकटा मागे राहिला असेल, तर फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशियाचा विचार करा आणि भुवया परत बघा. भारतीय रुग्णांत याच्या जोडीला चेहऱ्या-मानेवर करडे-काळपट डाग असू शकतात. ते उन्हाचे समजून सोडून देऊ नयेत. डिस्कॉइड ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटण्याचा एक आजार) छिद्रांत मोठाले पिवळट-तपकिरी खडे, जाड फांदीदार रक्तवाहिन्या आणि विखुरलेले निळसर-करडे ठिपके असतात. एकाच छिद्रातून सहा, आठ, दहा केसांचा झुपका बाहेर येत असेल आणि भोवती पिवळी खपली असेल तर फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्स, म्हणजे मुळांना सूज येऊन व्रण सोडणारा आणखी एक आजार.

दुसरा प्रश्न: केस कसे आहेत?

निरोगी टाळूवर बहुतेक छिद्रांतून दोन-तीन केस एकत्र येतात, काहींतून एकच येतो. जाडी साधारण सारखी असते. ०.०३ मिलिमीटरपेक्षा बारीक केस म्हणजे लव; तिचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असतं.

अनुवंशिक टकलात हेच बिघडतं. जाड, मध्यम, बारीक असे सगळे केस शेजारीशेजारी दिसू लागतात. माथ्यावरच्या २० टक्क्यांहून जास्त केसांच्या जाडीत फरक असेल तर ती भक्कम खूण आहे. एकटे केस वाढतात, लव दहा टक्क्यांच्या वर जाते, काही केसांच्या बुडाभोवती पुसट तपकिरी वलय येतं. हे वलय सावळ्या त्वचेवर दिसतंच असं नाही, त्यामुळे नसलं म्हणून निदान नाकारू नका. हे सगळं पुढे आणि माथ्यावर असतं, मागे नसतं किंवा फार कमी असतं.

आजारपणानंतरची गळती, म्हणजे टेलोजेन एफ्लुवियम, हिची स्वतःची अशी पक्की खूण नाही. पुढे आणि मागे सारखंच चित्र, जाडीत फारसा फरक नाही, काही छिद्रं रिकामी आणि नव्याने उगवणारे आखूड केस भरपूर, एवढ्यावर आणि इतिहासावर निदान होतं. दोन्ही एकाच डोक्यावर असणंही अगदी नेहमीचं आहे. डेंग्यूनंतर केस गेले म्हणून आलेल्या तरुणीत माथ्यावर जाडीचा फरक दिसला, तर ताप उतरल्यावर केस येतील एवढंच सांगून तिला परत पाठवणं चुकीचं ठरेल.

आखूड केस दिसला की त्याचं बूड आणि टोक दोन्ही बघा. बहुतेक निदानं तिथेच सुटतात. बुडाशी जाड, टोकाशी निमुळता आणि ताठ उभा असेल तर नवा उगवलेला केस. बुडापासून टोकापर्यंत बारीक आणि मऊ असेल तर लव. टोकाशी जाड आणि टाळूकडे बारीक होत गेलेला असेल तर उद्गारचिन्ह केस, म्हणजे चाई (अ‍ॅलोपेशिया एरियाटा, गोल चट्ट्यांनी केस जाणं). टोक बोथट किंवा चिरफळलेलं असेल तर तो तुटलेला आहे. कशाने तुटला, हा त्यापुढचा प्रश्न.

चाईच्या चट्ट्यात उद्गारचिन्ह केस कडेला शोधावेत. त्यांच्यासोबत काळे ठिपके, म्हणजे टाळूच्या पातळीवरच तुटलेले केस, असतील तर रोग चालू आहे आणि चट्टा वाढू शकतो. जुन्या, थंडावलेल्या चट्ट्यात पिवळे ठिपके आणि थोडी लव उरते. हे ठिपके तेलकट द्रव्याने आणि केराटिनने भरलेली छिद्रं असतात, ती सावळ्या त्वचेवर फिकी दिसतात आणि नुकत्याच धुतलेल्या डोक्यावर नाहीशीही होतात. केस परत येताना ताठ नवे केस किंवा गोल वळलेले आखूड केस दिसतात. ते बऱ्याचदा आधी पांढरे येतात. रुग्णाला हे पडद्यावर दाखवा, नुसत्या डोळ्यांना दिसण्याआधी ते तिथे दिसतं.

काळ्या ठिपक्यांवर एकट्याने विश्वास ठेवू नका. चाई, टाळूचा नायटा, केस उपटण्याची सवय, केमोथेरपी या सगळ्यांत ते असतात.

मुलाच्या डोक्यावरचा चट्टा

शाळकरी मुलाच्या डोक्यावर केस गेलेला, थोडा पपुद्रा असलेला चट्टा दिसला की नायटा वगळल्याशिवाय दुसरं काही लिहू नये. चाई समजून स्टिरॉइडचं मलम दिलं तर बुरशी पसरते. नायट्यातले केस स्वल्पविरामासारखे वळलेले, बुचाच्या स्क्रूसारखे पिळलेले किंवा नागमोडी असतात. काही केसांवर आडवे फिकट पट्टे ओळीने दिसतात. बुरशी केसाच्या आत शिरून तो कमकुवत करते, त्यामुळे तो वाकतो आणि मग तुटतो. हे केस चिमट्याने सहज निघतात. दोन-चार काढून १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघा, जमलं तर कल्चरला (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखायला) पाठवा. उपचार पोटातून घ्यायच्या औषधाने होतो. नुसतं मलम केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. घरातल्या बाकी मुलांची डोकीही बघा, कंगवे वेगळे करायला सांगा.

३६५ नॅनोमीटरचा वुड्स दिवा, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, इथे अर्धीच मदत करतो. कुत्र्या-मांजरांकडून येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी अंधारात या दिव्याखाली हिरवट चमकते. भारतात टाळूच्या नायट्यात वारंवार सापडणारी ट्रायकोफायटन व्हायोलेसियम मात्र चमकत नाही. दिव्याखाली काही चमकलं नाही म्हणजे नायटा नाही, असा अर्थ काढू नये.

केस उपटण्याच्या सवयीत एकाच चट्ट्यात वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस असतात. एकाच छिद्रातले दोन केस एकाच उंचीवर तुटलेले, टोकं चिरफळलेली, कुठे केसाचा भुगा. हे दिसलं तर मुलाला पालकांसमोर उलटतपासणीला उभं करू नका. त्याच्याशी वेगळं आणि शांतपणे बोला. बऱ्याच मुलांना आपण हे करतो याची जाणीवही नसते.

लिखांचं काम यंत्राने झटपट होतं. जिवंत लीख तपकिरी, भरलेली, वरचं टोक फुगीर. फुटून गेलेली पारदर्शक आणि वरून सपाट. कोंड्याचा कण आकारहीन असतो आणि केसावरून सरकतो. केसाभोवतीची पांढरी नळीही सरकते, तिला लीख समजून मुलीला पुन्हापुन्हा उवांचं औषध लावलं जातं. घट्ट वेणी, अंबाडा किंवा उंच पोनीटेल घालणाऱ्या मुलींत अशा नळ्या कानशिलांजवळ दिसल्या, तर ओढ बसते आहे असं समजा. केसांची अगदी कडेची बारीक झालर शिल्लक आणि तिच्या मागचा भाग विरळ, हे ओढीने पडणाऱ्या टकलाचं चित्र आहे. लवकर सैल केलं तर केस येतात, वर्षानुवर्षं ओढ राहिली तर छिद्रंही जातात.

कोंडा की सोरायसिस

इथे २० पटींच्या वरचं चित्र लागतं. सोरायसिसमध्ये पपुद्रा पांढरा, कोरडा, आणि जेलखाली सगळीकडे सारखे पसरलेले लाल ठिपके असतात. जास्त मोठं केलं की ते पिळलेल्या वेटोळ्या रक्तवाहिन्या असल्याचं दिसतं. सेबोऱ्हिक डर्मटायटिसमध्ये, म्हणजे दाह असलेल्या तेलकट कोंड्यात, पपुद्रा पिवळट, तेलकट, आणि रक्तवाहिन्या बारीक, फांद्या फुटलेल्या. सावळ्या टाळूवर लालपणा नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ही तुलना आपल्याकडे जास्त कामाची. दोन्हींची सरमिसळ असलेली टाळूही असते. तिथे कोपरे, गुडघे, बेंबी आणि नखं बघितल्याशिवाय निर्णय देऊ नये.

रंगांची फसवणूक

कलप छिद्रांच्या तोंडाशी साठतो आणि हुबेहूब काळे ठिपके दिसतात. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पुसट झाले, पसरले तर तो रंग. खरा तुटका केस जागेवरून हलत नाही. केराटिनच्या धाग्यांचे तुकडे आखूड तुटक्या केसांसारखे दिसतात, पण ते कोणत्याही छिद्रातून निघालेले नसतात. भांगातलं कुंकू आणि सिंदूर लाल ठिपके तयार करतात. विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर काही दिवस गुलाल, जेजुरीहून परतलेल्यांच्या केसांत भंडाऱ्याची पिवळी पूड, उन्हाळ्यात पावडर. हे सगळं छिद्रात बसतं. शंका असेल तर एकदा शाम्पू करून दुसऱ्या दिवशी बोलवा. एक दिवस उशीर झालेला चालतो.

फोटो असे काढा की सहा महिन्यांनी उपयोग होईल

मिनॉक्सिडिलसारख्या औषधाचा परिणाम जोखायला तीन ते सहा महिने जातात. सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढलेलीही दिसते. तेव्हा रुग्ण घाबरून औषध सोडतो, आणि त्याला थांबवणारी एकच गोष्ट हातात असते: आधीचा आणि आताचा फोटो, एकाच जागेचा.

जागा एकच राहण्यासाठी नाकाच्या मुळापासून मधल्या रेषेत मोजपट्टी धरा, अंतर लिहा, उदाहरणार्थ १२ सेंटिमीटर. जवळ तीळ किंवा जुना व्रण असेल तर तो चित्रात घ्या. पटींची संख्या, प्रकाशाचा प्रकार, कोरडं की जेल हे प्रत्येक फोटोच्या नावात असू द्या. मोबाइल जोडून फोटो काढत असाल तर आपोआप रंगसुधार आणि ब्युटी मोड बंद करा, फोकस आणि प्रकाश लॉक करा, डिजिटल झूम वापरू नका. सोबत संपूर्ण डोक्याचे फोटो लागतात: वरून, समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, केस कोरडे, भांग तोच. ओले केस नेहमीच विरळ दिसतात. 'आधी' ओला आणि 'नंतर' कोरडा असा फोटोंचा जोड बघितला की तो पुरावा बाद समजा. फोटोंसाठी संमती लेखी घ्या, ते डॉक्टरांच्या खासगी मोबाइलच्या गॅलरीत ठेवू नका.

मोजणीच हवी असेल तर: फोटोट्रायकोग्राम

किती टक्के केस वाढीच्या अवस्थेत आहेत हे केस न उपटता सांगणारी पद्धत. विरळ होत चाललेल्या भागाच्या कडेला, वरचे केस पडून झाकली जाईल अशी साधारण एक चौरस सेंटिमीटर जागा निवडा. बायकांना आरशात दाखवून, विचारूनच कात्री लावा. केस टाळूपासून एक मिलिमीटरपेक्षा कमी ठेवून कापा आणि लगेच फोटो घ्या. ४८ ते ७२ तासांनी त्याच जागेचा दुसरा फोटो. टाळूचा केस दिवसाला साधारण ०.३ मिलिमीटर वाढतो, म्हणजे तीन दिवसांत जवळजवळ एक मिलिमीटर. वाढले ते वाढीच्या अवस्थेतले, तसेच राहिले ते विश्रांतीतले. निरोगी टाळूवर ८० ते ९० टक्के केस वाढत असतात.

संगणकाने मोजलेला आकडा डोळ्यांनी तपासल्याशिवाय लिहू नका. एकमेकांवर पडलेले दोन केस तो एक धरतो, पांढरे केस सोडून देतो. पांढरे केस असतील तर फोटोआधी त्या जागेला रंग लावावा लागतो आणि आजूबाजूच्या त्वचेवरचा रंग नीट पुसावा लागतो, नाहीतर डागही केस म्हणून मोजला जातो.

कॉन्फोकल मायक्रोस्कोपी, ओसीटी (ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, प्रकाशाने त्वचेच्या थरांचं चित्र घेणं) आणि उच्च वारंवारतेची सोनोग्राफी ही यापुढची साधनं मोठ्या संस्थांत वापरली जातात. यांतली कॉन्फोकल मायक्रोस्कोपी पेशी दाखवते पण साधारण पाव मिलिमीटर खोलीपर्यंतच, आणि वाढत्या केसाचं मूळ त्याहून कितीतरी खाली, काही मिलिमीटरवर असतं. ओपीडीत रोजचं काम करणाऱ्याने त्यांच्यासाठी थांबून राहू नये.

बायोप्सी कुठून घ्यावी

स्कारिंगची शंका असेल तर ट्रायकोस्कोपीवर थांबू नका. तिचा इथला उपयोग नेमकी जागा दाखवण्याचा आहे. गुळगुळीत झालेल्या केंद्रातून तुकडा घेतला तर अहवालात फक्त 'व्रण' येतो, कारण कळत नाही. कडेवरचा, बुडाशी पपुद्र्याची नळी असलेला किंवा करड्या कडीचा, पण अजून उभा असलेला केस शोधा, भोवती सर्जिकल पेनने खूण करा, खूण यंत्राखाली परत तपासा. ४ मिलिमीटरचा पंच (त्वचेचा गोल तुकडा काढायचं हत्यार) घाला, केसाच्या तिरकसपणाला धरून, चरबीच्या थरापर्यंत. उभा घातला तर मुळं मधेच कापली जातात. शक्य असेल तिथे दोन तुकडे घ्या, एक आडव्या कापांसाठी आणि एक उभ्या, आणि पॅथॉलॉजिस्टला ट्रायकोस्कोपीचा फोटो सोबत पाठवा.

दोन रुग्णांच्या मधे

टाळूला टेकणारी काच प्रत्येक रुग्णानंतर आधी जेल पुसून, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. काही भिंगांच्या लेपाला ते चालत नाही, म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत आधी बघून घ्या. नायटा, उवा किंवा पू असलेल्या डोक्यासाठी यंत्र न टेकवता पोलराइज्ड प्रकाशात बघता येतं. टेकवावंच लागलं तर एकदाच वापरायची टोपी किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक क्लिंग फिल्म ताणून लावा, तिच्याखाली आणि वर दोन्हीकडे जेल असू द्या. कंगवा आणि क्लिपाही धुवायच्या असतात, त्या सहसा विसरल्या जातात.